गल्लीच्या तोंडावर परमिट रूम

गेल्या वर्षी, २०२५च्या जानेवारीत, रजबचा महिना चालू होता. भोगीच्या दिवशी सकाळी दोन माणसं मोजपट्टी घेऊन आमच्या गल्लीत आली. एकाने पट्टीचं टोक कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या उंबऱ्याशी धरलं आणि दुसरा मशिदीच्या दिशेने चालत निघाला. गटारासाठी आम्ही गेली चार वर्षं नगरपालिकेत अर्ज देत होतो, त्यामुळे बायकांना वाटलं गटाराचं काम मंजूर झालं. नळासमोरच्या खालांनी तर त्या दोघांना बसवून चहा पाजला. संध्याकाळी हॉटेलात वायरिंगचं काम करणारा मुलगा सांगत आला, की गटार-बिटार काही नाही, हॉटेलला परमिट रूमचा परवाना मागितलाय, त्याची ती मोजणी होती. खाला आजही म्हणतात, ‘उन्हो चाय का भी शुक्रिया बोलके गए.’

आमचं गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, तालुक्याचं. नाव मुद्दाम देत नाही, कारण अर्ज अजून निकाली निघालेला नाही आणि अर्जदार आमचे शेजारी आहेत. गल्लीत साठ-पासष्ट घरं. निम्म्याहून जास्त मुसलमानांची, बाकी मराठा आणि कोष्टी, आणि मागच्या अंगाला बौद्ध वस्ती. आम्ही इथल्या उर्दू शाळेत मराठी शिकवतो. मोहल्ल्यात कुणाला रेशन कार्डाचा, पेन्शनचा, विजेच्या बिलाचा अर्ज लिहायचा असला की तो कागद आमच्याकडे येतो. हाही आला.

पण हा अर्ज सोपा नव्हता. हॉटेलवाले भाऊ आमच्या ओळखीचे, अगदी घरोब्याचे. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी मिसळ आणि भजीचा गाडा लावला, त्याचं हॉटेल झालं. आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन असलं की पोहे तिथूनच यायचे. ईदला आमच्याकडचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो आणि संक्रांतीला वहिनी तिळगूळ घेऊन स्वतः येतात. त्या वर्षीही आल्या, म्हणजे मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी. आम्ही विचारलं नाही, त्याही काही बोलल्या नाहीत. तिळगूळ घेतला, गोड बोललो आणि त्या गेल्यावर अर्ज लिहायला बसलो. हे सांगायला आज बरं वाटत नाही.

भाऊंची बाजू आधी सांगतो. बायपास झाल्यापासून एसटी आणि ट्रक गावाबाहेरून जातात. पूर्वी पहाटे चारला हॉटेल उघडायचं, तेव्हा बाहेर दहा-बारा गाड्या उभ्या असायच्या. आता आठ वाजता उघडतं आणि गिऱ्हाईक म्हणजे गावातलीच चार माणसं. बँकेचं कर्ज डोक्यावर. पुढे आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘मॅडम, मी काय चोरी करतोय का? सरकारच परवाना देतंय, रीतसर फी भरतोय.’ यात खोटं काही नव्हतं.

पहिली बैठक आमच्या ओट्यावर झाली. पुरुषमंडळी तापलेली. कुणी म्हणे मोर्चा काढू, कुणी म्हणे बाजार बंद करू. एका पोराने तर मोबाइलवर मजकूर तयार करून आणला होता, ‘मशिदीसमोर दारूचा अड्डा, मुसलमानांनो जागे व्हा’. तो आम्ही त्याच्याकडून तिथेच पुसून घेतला. कारण तो मजकूर संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पेठेत गेला असता, तिथून त्याला उत्तर आलं असतं आणि मग दारू बाजूलाच राहिली असती. दुसऱ्या दिवशी मोर्चा आमच्याविरुद्ध निघाला असता. गेल्या काही वर्षांत आजूबाजूच्या गावांतून काय काय झालं ते वाचकांना माहीत आहे. त्या पोराला राग आला. मास्तर लोक घाबरट असतात, असं तो जाताना म्हणाला. असू दे.

खरा रस्ता दाखवला तो बौद्ध वस्तीतल्या ताईंनी. त्या बचत गट चालवतात. त्यांच्या माहेरच्या गावात बायकांनी देशी दारूचं दुकान मतदान घेऊन बंद पाडलं होतं, त्यामुळे या खात्याचे नियम त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक होते. त्या म्हणाल्या, ‘बाई, कलेक्टरसाहेबांना हराम-हलाल सांगून काय उपयोग? त्यांना अंतर सांगा आणि सह्या द्या. आणि सह्या बायकांच्या घ्या, पुरुषांच्या नंतर बघू.’ आम्हाला एवढी वर्षं अर्ज लिहिण्याचा अभिमान होता. पण काय लिहायचं हे त्या दिवशी समजलं.

आता नियमांबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण अशी वेळ आणखी कुणावरही येऊ शकते.

महाराष्ट्रात दारूचा कायदा १९४९ सालचा आहे आणि नावाने तो दारूबंदीचाच कायदा आहे. म्हणजे कागदावर बंदी आणि परवाना ही त्या बंदीतली सवलत. पिणाऱ्यालाही परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांतही मिळतो. किती जण काढतात ते देव जाणे. विदेशी दारू बसून पिण्याच्या जागेला परमिट रूम म्हणतात, त्याचा परवाना एफएल-३. सीलबंद बाटल्या विकणाऱ्या वाईन शॉपचा एफएल-२ आणि देशी दारूच्या दुकानाचा सीएल-३. वाईन शॉप आणि देशी दुकानांचे नवे परवाने देणं सरकारने १९७०च्या दशकातच थांबवलं. त्यामुळे तुमच्या पेठेत नवीन वाईन शॉप आलं तर ते बहुधा दुसरीकडून उचलून आणलेलं, म्हणजे स्थलांतराचं प्रकरण असतं. परमिट रूम आणि बिअर शॉपीचे परवाने मात्र नव्याने मिळतात. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांकडे जातो, जागेची पाहणी होते, पोलिसांचा अहवाल मागवतात आणि निर्णय जिल्हाधिकारी घेतात. तो मान्य नसेल तर आयुक्तांकडे अपील करता येतं. हरकत घ्यायची तर परवाना हातात पडायच्या आधी घ्यावी, नंतर ती फार जड जाते.

१९५३च्या विदेशी मद्य नियमांप्रमाणे शाळा किंवा धार्मिक स्थळापासून ७५ मीटरच्या आत परमिट रूम देता येत नाही. हे आकडे बऱ्याच जणांना माहीत असतात. मोजायचं कसं ते माहीत नसतं. अंतर सरळ रेषेत मोजत नाहीत. परमिट रूमच्या दरवाजाच्या मध्यापासून, माणूस नेहमी ज्या जवळच्या वाटेने पायी जाईल त्या वाटेने, शाळेच्या किंवा मशिदीच्या जवळच्या फाटकाच्या मध्यापर्यंत. आवाराला भिंत नसेल तर जवळच्या दारापर्यंत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शाळा मान्यताप्राप्त हवी, खासगी शिकवणी त्यात धरत नाहीत. धार्मिक स्थळ नोंदणी झालेल्या सार्वजनिक ट्रस्टच्या ताब्यातलं हवं. म्हणजे भिंत, मिनार आणि पाच वक्तांची अजान असूनही कागद नसेल, तर या मोजणीत ती मशीद मोजली जाईलच असं नाही.

आमची पहिली धावपळ त्या कागदासाठी झाली. मशिदीची नोंदणी कुठे आहे, असं विचारल्यावर मुतवल्ली म्हणाले, ‘होगी कहीं.’ त्यांच्या अब्बांच्या काळातली एक पत्र्याची ट्रंक होती, ती माळ्यावरून काढली. त्यात लग्नपत्रिका, वीजबिलं, चंद्याच्या वह्या, एका उरुसाचे हिशेब, आणि तळाशी वाळवीने कड खाल्लेला एक दाखला. २००२ साली राज्याचं वक्फ मंडळ स्थापन झालं. त्याआधी आपल्या बऱ्याच मशिदींची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे, १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली व्हायची आणि मुस्लिम ट्रस्टच्या क्रमांकाआधी ‘बी’ अक्षर असायचं. आमच्या दाखल्यावर ते ‘बी’ आणि पुढचे तीन आकडे दिसले, चौथा वाळवीने खाल्ला होता. मग जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन परिशिष्ट एकचा उतारा काढावा लागला. दोन खेपा झाल्या. वाचकांना एवढंच सांगतो, की आपापल्या मशिदीचा आणि कब्रस्तानाचा कागद आजच बघून ठेवा. दारूच्याच कामाला लागेल असं नाही, पण लागेल.

आम्ही स्वतः मोजलं तेव्हा हॉटेलच्या दारापासून मशिदीच्या फाटकापर्यंत ५८ मीटर भरले. आम्हाला वाटलं काम झालं. पण हॉटेलला दोन बाजू आहेत. दार गल्लीत होतं आणि मुख्य रस्त्याकडे नुसती भिंत. आठ दिवसांत गवंडी आला, रस्त्याकडची भिंत फोडून तिकडे दार काढलं आणि गल्लीतलं दार विटा लावून बंद केलं. आता दारातून निघून रस्त्याने वळसा घालून गल्लीत यायचं. आम्ही पुन्हा मोजलं तर ८१ मीटर.

यात भाऊंनी नियमाबाहेरचं काही केलं नाही. दार कुठे काढायचं हा त्यांचा हक्क. देशात याहून मोठ्या युक्त्या झाल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला, १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. तेव्हा केरळमधल्या एका बारमालकाने दारासमोर भुलभुलैयासारखी वळणावळणाची वाट बांधली, म्हणजे चालण्याचं अंतर ५००च्या वर जावं. काही राज्यांनी तर महामार्गाचा महामार्ग म्हणून असलेला दर्जाच काढून टाकला. त्यामानाने आमच्या भाऊंचं एक दार ते काय!

मशीद हातातून गेली, राहिली शाळा. शाळेचं पुढचं फाटक दूर, १४० मीटरवर. पण मागच्या बाजूला एक छोटं फाटक आहे. नव्या दारापासून ते भरलं ६९ मीटर. या फाटकाला सहा वर्षांपासून कुलूप आहे. तिथून सुटलेल्या दुसरीतल्या एका मुलाला टेम्पोने धडक दिली होती, तेव्हापासून मुलांना पुढूनच सोडतात. नियमात ‘जवळचं फाटक’ असं आहे, ते उघडं की बंद याचा उल्लेख नाही. दोन-तीन जण रात्री घरी आले. म्हणाले, ‘आपा, कुलूप तोडू, उद्यापासून मुलांना मागून सोडू, आठ दिवसांत रहदारी दिसेल. कोण विचारतंय?’

खरं सांगायचं तर आम्ही लगेच नाही म्हटलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मुख्याध्यापकांकडे गेलो आणि विषय काढला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘परमिट रूम नको म्हणून पोरांना टेम्पोपुढे सोडायचं का?’ तिथेच तो विचार संपला. हरकतीच्या अर्जात आम्ही खरं तेच लिहिलं, की मागे फाटक आहे, ते शाळेच्या मूळ नकाशात आहे, अमुक वर्षापासून मुलांच्या सुरक्षेसाठी कुलूपबंद आहे, आणि त्याला फाटक धरावं की नाही ते माननीय जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवावं. आमच्या बाजूच्या काहींना हे पटलं नाही. आपणच आपली केस कमजोर केली, असं त्यांचं अजूनही म्हणणं आहे.

सह्यांचं काम मात्र बायकांनी उचललं. दुपारी दोन ते चार, घरातली कामं आटोपल्यावर. आमच्या बुरखेवाल्या खाला, कोष्टी आळीतल्या काकू आणि त्या बौद्ध वस्तीतल्या ताई, अशा तिघी तिघींच्या टोळ्या. मतदार यादी घेऊन नावापुढे सही, म्हणजे नंतर कुणी खोटी म्हणू नये. दोनशे बारा सह्या झाल्या. त्यांतल्या एकतीस अंगठे होते. आम्ही शिक्षक, त्यामुळे अंगठे मोजण्याची आम्हाला खोड आहे.

त्या अंगठ्यांमुळे एक जुनी गोष्ट आठवली. आंध्रातल्या नेल्लूर जिल्ह्यात दुबगुंटा नावाचं खेडं आहे. १९९०च्या सुमारास साक्षरता मोहिमेत तिथल्या बायका रात्रीच्या वर्गात शिकत होत्या. त्यांच्या वाचनपाठात दारूने घर मोडल्याची एक गोष्ट होती. पाठ वाचून बायका म्हणाल्या, ही तर आमचीच गोष्ट. त्यांनी गावातलं अर्कचं दुकान बंद पाडलं. अर्क म्हणजे तिकडची देशी दारू. १९९२ पर्यंत हे लोण जिल्हाभर गेलं. वर्धिनेनी रोसम्मा हे त्या गावातलं नाव पुढे सगळीकडे पोचलं. १९९३ मध्ये राज्यभर अर्क बंद झाला, १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. १९९७ मध्ये ती उठलीही, कारण सरकारला महसूल हवा होता. आमच्याकडेही गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात बायकांच्या मोठ्या लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती मागे घेतली. बायकांनी मिळवायचं आणि तिजोरीने परत न्यायचं, असं हे चालत आलं आहे. तरी एक अंगठा धरून शिकवताना आम्ही त्या बाईला तिचं नाव लिहायला लावलं. बाकी तीस जणींचं राहिलं.

सह्या गोळा करताना ताईंनी आणखी एक गोष्ट समजावली, तिच्याबद्दल लोकांत घोटाळा आहे. आडव्या बाटलीचं मतदान म्हणतात ते नव्या अर्जासाठी नसतं, चालू असलेलं दुकान बंद करायला असतं. २००८च्या आदेशाप्रमाणे वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या, उभी म्हणजे चालू ठेवा, आडवी म्हणजे बंद करा. आणि झालेल्या मतांच्या निम्मी पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. जी बाई माहेरी गेली, जी वारली पण यादीत राहिली, ती दारूच्या बाजूने मोजली जाते. म्हणून परवाना होण्याआधीच धावायचं. त्याच मार्चमध्ये, रमजान चालू असताना, उत्पादन शुल्क खात्याचे मंत्री म्हणून अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं, की गृहनिर्माण सोसायटीच्या गाळ्यात नवीन बिअर किंवा वाईन शॉप यायचं तर सोसायटीची ना हरकत लागेल. शहरातल्यांना त्याचा फायदा होईल. आमच्या गल्लीत सोसायटी कुठली, पत्र्याची आणि कौलाची घरं. त्यातून आमचं प्रकरण परमिट रूमचं.

आता जरा अवघड भाग. हॉटेलचा गाळा भाऊंचा नाही. तो आमच्याच जमातीतल्या एका हाजीसाहेबांचा आहे आणि अर्जाला जोडलेलं जागामालकाचं संमतीपत्र त्यांच्या सहीचं आहे. हे कळलं तेव्हा मोर्चा काढू म्हणणारे पहिले गप्प झाले. मोर्चा भाऊंच्या दारात न्यायला सगळे तयार होते, हाजीसाहेबांच्या दारात कुणी नाही.

बायका गेल्या. आम्हीही गेलो. त्यांच्या सुनेने सरबत दिलं, हाजीसाहेब कोचावर बसून ऐकत होते. म्हणाले, ‘मी गाळा हॉटेलला दिलाय. आत तो काय विकतो ते त्याचं त्याच्यापाशी. हदीसमध्ये दारूच्या बाबतीत दहा जणांवर लानत आहे, त्यात घरमालकाचं नाव दाखवा.’ हदीस त्यांची पाठ होती, हे मान्य करायला हवं. गाळणारा, पिणारा, वाहणारा, विकणारा, घेणारा असे दहा जण. आम्हाला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. परत येऊन इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘किंमत खाणाराही त्या दहांत आहे. भाडं परमिट रूमच्या हिशेबाने वाढलंय का, एवढंच विचारा.’ विचारलं. तिपटीने वाढणार होतं. हाजीसाहेबांनी यावर काही म्हटलं नाही, संमतीपत्रही परत घेतलं नाही.

इमामसाहेबांनी जुम्म्याच्या बयानात विषय घेतला, नाव न घेता. मनाईचा हुकूम टप्प्याटप्प्याने कसा आला, शेवटचा हुकूम आल्यावर मदिनेच्या गल्ल्यांत लोकांनी घरातली दारू कशी ओतून दिली, ते त्यांनी फार चांगलं सांगितलं म्हणे. म्हणे अशासाठी, की आमच्या मशिदीत बायकांना जागा नाही. ज्या दोनशे बारा सह्यांवर सगळं उभं होतं, त्यांतल्या एकीनेही ते बयान मशिदीत बसून ऐकलं नाही.

आणि ज्यांनी ऐकलं त्यांतले सगळेच न पिणारे आहेत का? आमच्या मोहल्ल्यात कुणी पीत नाही असं म्हणणं सोयीचं आहे. आमच्या वर्गात एक मुलगा पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपतो. आम्ही त्याला उठवत नाही. त्याचे अब्बा टेम्पो चालवतात, रात्री उशिरा येतात, आणि मग त्या घरात काय होतं ते शेजारपाजारच्या सगळ्यांना ऐकू येतं. ते अडीच किलोमीटरवर बायपासच्या ढाब्यावर पितात. त्याची अम्मी सही करताना म्हणाली, ‘इतक्या लांब जाऊन पितात, तर महिन्याला निम्मा पगार जातो. दारात आलं तर?’ आमच्या अर्जात कायद्याचे मुद्दे सात होते. हा त्यांत नव्हता. नंतर आम्ही आठवा मुद्दा घातला, तिचं नाव न देता.

सुनावणी बकरी ईदनंतर झाली. आमच्याकडून पाच जणी आणि मुख्याध्यापक, तिकडून भाऊ आणि त्यांचे वकील. वकील म्हणाले, विरोध धार्मिक कारणातून आहे, ठरावीक समाजाचा आहे. तेव्हा कोष्टी आळीतल्या काकू उभ्या राहिल्या. त्यांनी कपाळावरचं कुंकू बोटाने दाखवलं आणि म्हणाल्या, ‘साहेब, मी कुठल्या समाजाची दिसते?’ अधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी सह्यांची यादी पुन्हा मागून घेतली आणि पानं उलटून नावं वाचली. शाळेच्या मागच्या फाटकाचा मुद्दा नोंदवून घेतला आणि मोजणी पुन्हा करायला सांगितलं. आम्ही पोच घेतली आणि बाहेर आलो. पायऱ्यांवर भाऊ भेटले. सवयीने आम्ही म्हटलं, ‘काय भाऊ, बरं आहे ना?’ ते म्हणाले, ‘चाललंय.’ परतीच्या एसटीत ते पुढच्या सीटवर आणि आम्ही मागे. दीड तास कुणी कुणाशी बोललं नाही.

त्या दीड तासात एक हिशेब मनात चालला होता. बायपास झाल्यापासूनच्या तीन वर्षांत आम्ही, म्हणजे आमची गल्ली, त्या हॉटेलात किती वेळा गेलो? स्नेहसंमेलनाचे पोहे कोरोनानंतर आम्हीच बंद केले, मुलांना बिस्किटाचे पुडे वाटतो. मोहल्ल्यातल्या लग्नांचा नाश्ता शहरातल्या केटररकडून येतो. हॉटेल बंद पडू नये असं कुणाला वाटत होतं, असं म्हणता येणार नाही. परमिट रूम होऊ नये एवढंच वाटत होतं.

पावसाळ्यात शाळेच्या समितीत विषय काढून पोह्यांची ऑर्डर पुन्हा त्यांना दिली. द्यायला गेलो तर भाऊ म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या दीडशे प्लेटने बँकेचा हप्ता जात नाही.’ आम्ही म्हटलं, ‘माहीत आहे.’ त्यांनी ऑर्डर वहीत लिहून घेतली. भिशीच्या बायका आता महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे बसतात. बायकांना बसता यावं म्हणून त्यांनी आत एक पडदा टाकून दिला आहे.

या संक्रांतीला वहिनी आल्या नाहीत. तिळगुळाचा डबा मुलाच्या हाती पाठवला. फेरमोजणी झाली आहे, फाटकाबद्दल काय ठरलं ते अजून कळवलेलं नाही. रस्त्याकडचं नवीन दार तसंच आहे, आतला नवा काउंटरही बांधून तयार आहे. त्यावरच्या फ्रिजमध्ये सध्या ताक आणि लस्सी असते. यंदाच्या रमजानमध्ये भाऊंनी स्वतःच विचारलं, की इफ्तारसाठी मूगभजी आणि कांदाभजी करून देऊ का, तेल वेगळं ठेवीन. चार वाजल्यापासून गल्लीतली मुलं तिथे रांग लावत होती. अर्ज त्यांनी मागे घेतलेला नाही.